संत चार्ल्स बोरोमेओ : चाळीस दिवसांचा उपवास व जन्मभराचा नेम

ज्युबिलीच्या निमित्तानें आपण आपल्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास आठवतों. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा केव्हां चढविली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, ह्या गोष्टी अशा स्मरणपुस्तकांत नमूद करून ठेवण्याची चाल आहे व ती योग्यच आहे. परंतु देवळांत नित्य आपल्या डोळ्यांसमोर असणाऱ्या कांहीं साध्या वस्तूंचा इतिहास आपण क्वचितच विचारतों. कुमसार ऐकण्यासाठीं जाळी बसविलेली लांकडी बैठक, बाप्तिस्म्यांची व लग्नांची नोंद ठेवणारीं दप्तरें, रविवारचा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, ह्या गोष्टी आज इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत कीं, त्या प्रारंभापासून अशाच असाव्यात असें वाटतें. वस्तुतः त्यांना आजचें रूप येण्यासाठीं सोळाव्या शतकांत फार कष्ट पडले. आणि त्या कामीं ज्या थोर पुरुषांनीं आपला देह झिजविला त्यांत मिलान शहराचे आर्चबिशप, कार्डिनल संत चार्ल्स बोरोमेओ यांचें नांव अग्रभागीं येतें.

ह्या संताचें समग्र चरित्र देण्याइतकी जागा येथें नाहीं. त्यांतील एकच धागा आपण हातीं धरूं, तो उपवासकाळाचा. राखेच्या बुधवारीं कपाळीं राख लागते त्या दिवशीं आपला निश्चय मोठा असतो. पहिल्या शुक्रवारीं क्रुसाची वाट करावयास देऊळ भरून जातें. तिसऱ्या आठवड्यांत बांकें रिकामीं दिसूं लागतात, आणि पुनरुत्थानाचा सण आटोपला कीं सोडलेल्या संवया एकेक करून परत घरांत येतात. हें दुखणें आजचें नव्हे व आपल्याच गांवचें नव्हे. संत चार्ल्स यांस एका मोठ्या व श्रीमंत शहरांत ह्याच दुखण्याशीं एकोणीस वर्षें झुंजावें लागलें, आणि त्यांनीं जें औषध लोकांस दिलें तें आधीं स्वतः घेतलें.

चार्ल्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजीं उत्तर इटालींत माज्जोरे सरोवराच्या कांठीं आरोना येथील किल्ल्यांत झाला. वडील जिल्बेर्तो बोरोमेओ हे मोठे सरदार असून दानधर्माविषयीं त्यांची ख्याति होती. आई मार्गारिता ही मेदिची घराण्यांतील. चार्ल्स नऊ वर्षांचे असतांनाच मातृसुखाला अंतरले. त्या काळीं मोठ्या घराण्यांतील धाकट्या मुलास एखाद्या मठाचें उत्पन्न लावून देण्याची अनिष्ट प्रथा होती. तदनुसार वयाच्या बाराव्या वर्षींच आरोना येथील एका मठाचें उत्पन्न चार्ल्स यांच्याकडे आलें. तेव्हां ह्या मुलानें वडिलांस नम्रपणें पण स्पष्ट सांगितलें कीं, आपल्या शिक्षणाचा खर्च वजा जातां उरलेला पैसा गरिबांचा आहे. तो घरच्या खर्चांत मिसळतां येणार नाहीं. वडील धार्मिक होते. त्यांनीं तें मान्य केलें.

लहानपणापासून चार्ल्स यांच्या बोलण्यांत अडखळ होती. शब्द लवकर फुटत नसे, व त्यामुळें मुलगा मंद आहे असा कित्येकांचा समज झाला होता. पाविया येथील विद्यापीठांत त्यांनीं नेटानें अभ्यास केला व १५५९ सालीं दिवाणी व धर्मविषयक अशा दोन्ही कायद्यांत डॉक्टरची पदवी मिळविली. अडखळ मात्र गेली नव्हती. पुढें मोठ्या पदावर चढल्यावरही प्रवचनास उभें राहणें त्यांस जड जाई. तरी त्यांनीं हें काम दुसऱ्यावर टाकलें नाहीं. पुनःपुन्हां बोलून, पुनःपुन्हां चुकून त्यांनीं ती अडचण ओलांडली, आणि उत्तरायुष्यांत त्यांचें साधें, संथ प्रवचन ऐकण्यासाठीं मिलानचें प्रचंड देऊळ भरून जाऊं लागलें. त्यांच्या एकंदर स्वभावाची ही किल्ली आहे. त्यांचे गुण एका दिवसांत आकाशांतून पडलेले नव्हते; ते रोजच्या नेमानें कमावलेले होते.

१५५९ च्या नाताळांत त्यांचे मामा पोपपदावर निवडले गेले व त्यांनीं चौथे पायस हें नांव धारण केलें. लागलीच चार्ल्स यांस रोमला बोलावणें आलें, आणि जानेवारी १५६० मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते कार्डिनल झाले. मिलानच्या धर्मप्रांताचा कारभारही त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. परंतु मामांनीं त्यांस रोमहून हलूं दिलें नाहीं. पोपमहाराजांचा पत्रव्यवहार व राज्यकारभार ह्या तरुणाच्या हातून होऊं लागला. काम ते चोख करीत, वागणुकींतही दोष नव्हता; पण वाडा मोठा, नोकरचाकर पुष्कळ, शिकार, संगीत व विद्वानांच्या बैठका ह्यांची आवड, असें तें सरदारी आयुष्य होतें. वाईट माणसाचें तें आयुष्य नव्हतें, पण आत्मार्पण केलेल्या माणसाचेंही नव्हतें. आपल्यांपैकीं बहुतेकांचें आयुष्य ह्याच मधल्या जागीं असतें, म्हणून हा भाग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

नोव्हेंबर १५६२ मध्यें त्यांचे वडील बंधु फेदेरिको एकाएकीं वारले. घराण्याची सारी दौलत आतां चार्ल्स यांच्याकडे आली. त्यांनीं अद्याप गुरुदीक्षा घेतलेली नव्हती. तेव्हां कार्डिनलपद सोडून त्यांनीं लग्न करावें व वंश चालवावा असा आप्तेष्टांचा आग्रह सुरू झाला. त्या आग्रहाला त्यांनीं कृतीनें उत्तर दिलें. १५६३ च्या जुलैंत त्यांनीं गुरुदीक्षा घेतली व त्याच वर्षीं ७ डिसेंबर रोजीं, मिलानचे प्राचीन बिशप संत आंब्रोज यांच्या सणाच्या दिवशीं, त्यांस बिशपपदाचा अभिषेक झाला. भावाच्या मृत्यूनें त्यांस ऐहिक वैभवाचा ठिसूळपणा एकदांचा कळला. पण पुष्कळांना असा ठिसूळपणा स्मशानांत कळतो व घरीं परततां परततां विसरतो. चार्ल्स विसरले नाहींत, हा भेद.

ह्याच काळांत त्रेंत येथील सार्वत्रिक धर्मसभेचें काम शेवटास जात होतें. अनेक वर्षें खोळंबलेली ही सभा डिसेंबर १५६३ मध्यें यशस्वी रीतीनें समाप्त झाली, ह्याचें पुष्कळसें श्रेय रोममध्यें बसून पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या चार्ल्स यांस आहे. बिशपांनीं आपल्या धर्मप्रांतांत राहावें, धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं सेमिनरी काढाव्यात, प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्म्याची व लग्नाची नोंद ठेवावी, रविवारीं मुलांस धर्मशिक्षण द्यावें, असे त्या सभेचे ठराव होते. आपल्या इकडे गोव्यांत १५६७ सालीं जी पहिली प्रांतिक धर्मसभा भरली तीही हेच ठराव अमलांत आणण्यासाठीं. कागदावर ठराव लिहिणें सोपें असतें. ते एका गांवांत, एका देवळांत, एका घरांत प्रत्यक्ष घडवून आणणें कठीण. हें कठीण काम चार्ल्स यांनीं आपल्याकडे घेतलें. मामांची परवानगी मिळवून ते २३ सप्टेंबर १५६५ रोजीं मिलान शहरांत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप चौथे पायस वारले, तेव्हां चार्ल्स त्यांच्या मृत्युशय्येपाशीं होते. त्यानंतर रोमचा मोह संपला व उरलेलें सारें आयुष्य त्यांनीं मिलानलाच वाहिलें.

मिलानची अवस्था शोचनीय होती. सुमारें ऐंशीं वर्षें त्या शहरानें आपल्या आर्चबिशपास तेथें राहतांना पाहिलें नव्हतें. धर्मप्रांतांत कित्येक शें धर्मग्राम होते. पुष्कळ धर्मगुरूंस साधें धर्मज्ञानही नव्हतें. कांहीं मठांत शिस्तीचा लेशही राहिला नव्हता. देवळांच्या आवारांत बाजार व नाचतमाशे चालत. लोक ख्रिस्ती होते, पण त्यांचा ख्रिस्तीपणा सणावारापुरता उरला होता.

आर्चबिशपांनीं सुधारणेचा आरंभ आपल्या घरापासून केला. उंची सामान व चांदीची भांडीं विकून टाकलीं. वडिलार्जित उत्पन्नांपैकीं फार मोठा भाग दानांत गेला. वाड्यांतील सर्व माणसांचा दिवस घंटेवर चालूं लागला; ठरलेल्या वेळीं प्रार्थना, ठरलेल्या वेळीं काम, जेवतांना पवित्र ग्रंथाचें वाचन. स्वतः चार्ल्स रोज सकाळीं मिस्सेपूर्वीं कुमसार करीत. शिवाय आपल्या घरांतील दोन धर्मगुरूंवर त्यांनीं अशी कामगिरी सोंपविली होती कीं, आर्चबिशपांच्या वागणुकींत जें कांहीं वावगें दिसेल तें त्यांनीं त्यांस तोंडावर सांगावें. मोठ्या माणसाभोंवतीं स्तुति करणारे आपोआप जमतात. दोष दाखविणारे मात्र त्यास मुद्दाम नेमावे लागतात, हें त्यांनीं ओळखलें होतें.

मग ते धर्मप्रांतांत हिंडूं लागले. घोड्यावरून, खेंचरावरून, आणि डोंगरांत वाट बिकट झाली म्हणजे पायीं, ते आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांतील लहान लहान खेड्यांपर्यंत गेले. प्रत्येक ठिकाणीं देवळाची वेदी, बाप्तिस्म्याचें कुंड, नोंदीचीं दप्तरें व धर्मगुरूचें ज्ञान ते स्वतः तपाशीत. त्यांच्या कारकीर्दींत ६ प्रांतिक व ११ धर्मप्रांतीय सभा भरल्या. सेमिनरी स्थापन झाल्या. कुमसार उघड्या जागीं, सर्वांसमक्ष, मध्यें जाळी ठेवून ऐकावें असा नियम त्यांनीं घातला. देवळाच्या बांधणीविषयीं १५७७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत ह्या बैठकीचें बारीकसारीक वर्णन आहे. धर्मशिक्षणाच्या रविवारच्या शाळा त्यांनीं इतक्या वाढविल्या कीं, त्यांच्या मृत्युसमयीं अशा ७४० शाळा चालू असून त्यांत सुमारें ४०,००० माणसें शिकत होतीं. शिकविणारे बहुतेक प्रापंचिक पुरुष व स्त्रिया होत्या. पुढें संतपदास चढलेला बाल अलोयसियस गोंझागा याची गांठ त्यांस १५८० सालीं पडली, तेव्हां मुलाची तयारी पाहून चार्ल्स यांनीं त्यास स्वहस्तें पहिला ख्रिस्तप्रसाद दिला.

आतां त्यांच्या स्वतःच्या उपवासकाळाकडे वळूं. हळूहळू वाढवीत नेऊन त्यांनीं असा नेम केला होता कीं, सणाचे दिवस खेरीज करून दिवसांतून एकदांच भाकरी व पाणी एवढेंच घ्यावें. उपवासकाळांत भाकरीही बंद होई. सुके अंजीर व उकडलेल्या शेंगदाण्यांसारखे कडधान्याचे दाणे यांवर ते राहत. पवित्र सप्ताहांत तर केवळ एक प्रकारचे कडवट दाणे तेवढे त्यांच्या पोटांत जात. निजावयास गवताची गादी. स्नेह्यांनीं हा कडकपणा कमी करावा म्हणून पुष्कळ आग्रह केला. हा आहार सर्वांनीं अनुकरावा असा नाहीं, व प्रापंचिकांस तो झेंपणारही नाहीं. परंतु दोन गोष्टी त्यांत पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, हा नेम त्यांनीं एकदम उचलला नाहीं; वर्षानुवर्षें एकेक पायरी चढत ते तेथवर गेले. दुसरी अशी कीं, त्या उपवासानें त्यांच्या कामांत खंड पडला नाहीं. उपाशीपोटीं ते प्रवचन करीत, पत्रें लिहीत, रोग्यांना भेटत. आणि आपल्या पानांतून काढलेलें अन्न कोठें गेलें असें कोणीं विचारलें असतें तर मिलानचे भिकारी त्याचें उत्तर देऊं शकले असते. १५७० च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हां महिनेच्या महिने आर्चबिशपांच्या दारीं हजारों माणसें जेवत होतीं.

अशा माणसास शत्रू न होते तरच नवल. हुमिलियाती नांवाचा एक जुना व श्रीमंत संघ होता. त्याची शिस्त चार्ल्स यांनीं सुधारूं लागतांच त्यांतील कांहीं जणांनीं त्यांच्या खुनाचा कट केला. २६ ऑक्टोबर १५६९ च्या सायंकाळीं वाड्यांतील प्रार्थनागृहांत ते गुडघे टेकून घरच्या मंडळीसह नित्याची प्रार्थना करीत असतां, फारीना नांवाच्या मारेकऱ्यानें मागून बंदूक झाडली. एकच गोंधळ उडाला. आपण मेलों असेंच चार्ल्स यांस वाटलें. तरी त्यांनीं मंडळीस जागेवर राहून प्रार्थना पुरी करण्याची खूण केली. प्रार्थना संपल्यावर पाहतात तों गोळीनें कपडे जाळले होते व पाठीस मुका मार बसला होता. पुढें गुन्हेगार पकडले गेले तेव्हां त्यांस क्षमा व्हावी म्हणून चार्ल्स यांनीं रदबदली केली. पण कायद्यानें आपलें काम केलें. रोज संध्याकाळीं कुटुंबानें एकत्र प्रार्थना करावी असें जो लोकांस सांगत होता, त्यानें स्वतःच्या अंगावर गोळी झाडली गेली असतांही तो नेम मोडला नाहीं, ही गोष्ट घरोघर गेली आणि शंभर प्रवचनांचें काम तिनें एकटीनें केलें.

खरी कसोटी मात्र पुढेंच होती. १५७६ च्या ऑगस्टांत मिलानमध्यें प्लेग उद्भवला. चार्ल्स त्या वेळीं लोदी येथें तेथील बिशपांच्या अंत्यविधीसाठीं गेले होते. बातमी कळतांच ते परत फिरले. राज्यपाल शहर सोडून दूर जाऊन राहिले. अनेक धनिक व अधिकारी त्यांच्या मागोमाग गेले. आर्चबिशपांनीं आपलें मृत्युपत्र लिहून ठेवलें आणि कामास लागले.

शहराबाहेर संत ग्रेगरीच्या नांवाचें विस्तीर्ण रोगीगृह होतें. तेथें शेंकडों माणसें अन्नावांचून व औषधावांचून पडलीं होतीं. चार्ल्स स्वतः तेथें गेले. धर्मगुरु भीत होते; त्यांना त्यांनीं बोलावून, समजावून, आणि मुख्यतः आपण पुढें होऊन तयार केलें. कापूचिन संघाचे बंधु धांवून आले. आर्चबिशपांच्या वाड्यांत जी कांहीं किंमतवान वस्तु उरली होती ती विकली गेली. भिंतींवरचे पडदे व गालिचे फाडून उघड्यानागड्यांसाठीं कपडे शिवले गेले. ऑक्टोबरांत त्यांनीं प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. प्रभूच्या क्रुसाचा म्हणून मिलानच्या देवळांत जपून ठेवलेला पवित्र खिळा हातीं घेऊन, अनवाणी, गळ्यांत गुन्हेगारासारखा दोर अडकवून ते रस्त्यांतून चालले. वाटेंत पाय ठेंचाळून रक्त वाहूं लागलें तरी ते थांबले नाहींत.

रोग आटोपेना. तेव्हां ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व शहरावर घरकोंडीचा हुकूम सुटला: चाळीस दिवस कोणीं घराबाहेर पडावयाचें नाहीं. पुढें ती मुदत वाढत गेली. इटालियन भाषेंत अशा सक्तीच्या एकांतवासास आणि उपवासकाळास जीं नांवें आहेत तीं दोन्ही चाळीस ह्या एकाच शब्दापासून निघालीं आहेत. मिलानच्या लोकांवर आतां असा एक उपवासकाळ आला कीं जो त्यांनीं निवडला नव्हता. देवळांचीं दारें त्यांना बंद. मिस्सा नाहीं, मिरवणूक नाहीं, शेजाऱ्याची भेटही नाहीं. ज्या ख्रिस्ती माणसाचा सारा धर्म देवळाच्या गर्दींत होता, त्याच्याजवळ आतां काय उरणार होतें? चार्ल्स यांच्यापुढें हाच प्रश्न होता.

लोकांस देवळांत येतां येत नाहीं तर देऊळ लोकांच्या दारांत नेलें पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. चवाठ्यांवर व गल्ल्यांच्या तोंडाशीं वेद्या उभारल्या गेल्या, आणि तेथें होणारी मिस्सा लोक आपापल्या खिडकींतून व दारांतून गुडघे टेकून ऐकूं लागले. धर्मगुरु दारोदार फिरत; उंबऱ्याशीं बसून कुमसार ऐकत व ख्रिस्तप्रसाद देत. दिवसांतून सात वेळां मोठी घंटा वाजे. ती वाजली कीं प्रत्येक घराच्या खिडक्या उघडत. एका बाजूच्या घरांनीं स्तोत्राचें किंवा आळवणीचें एक चरण म्हणावें, समोरच्यांनीं दुसरें, असें करीत करीत सारें शहर एका सुरांत प्रार्थना करूं लागे. रस्ता निर्मनुष्य, आणि त्याच्या दोन्ही अंगांनीं माणसांचा आवाज! ज्यांनीं तें ऐकलें त्यांस एवढें थोरलें शहर म्हणजे एक मठच झाल्यासारखें वाटलें.

चार्ल्स स्वतः मरणाऱ्यांजवळ जात, त्यांस संस्कार देत, आईच्या प्रेताशेजारीं सांपडलेल्या तान्ह्या मुलांची व्यवस्था लावीत. हें अविचारी धाडस नव्हतें. आपण रोग्यांत वावरतों म्हणून दुसऱ्यांनीं आपल्याजवळ येऊं नये अशी खबरदारी ते घेत, आणि आरोग्याधिकाऱ्यांचे नियम पाळावे असें ते धर्मगुरूंना बजावीत. ह्या साथींत मिलानमध्यें सुमारें १७,००० माणसें दगावलीं. १५७८ च्या प्रारंभीं शहर रोगमुक्त झाल्याचें जाहीर झालें. चार्ल्स यांस कांहीं झालें नाहीं. साथीच्या काळीं केलेल्या नवसाप्रमाणें शहरानें संत सेबास्तियन यांचें देऊळ बांधावयास घेतलें, तें आजही मिलानमध्यें उभें आहे.

येथें पुष्कळ चरित्रकार थांबतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें यापुढचीच गोष्ट महत्त्वाची आहे. संकट गेलें आणि संकटांत केलेले निश्चयही जाऊं लागले. ज्या खिडक्यांतून स्तोत्रें ऐकूं येत होतीं त्यांतून पुन्हां जुनें हास्यविनोद ऐकूं येऊं लागलें. मिलानच्या धर्मप्रांतांत संत आंब्रोज यांच्या नांवानें चालत आलेला एक निराळा प्राचीन उपासनाविधि आहे. त्याप्रमाणें तेथें उपवासकाळ बुधवारीं सुरू न होतां पुढील रविवारीं होतो. इतर ठिकाणीं राख लागून गेल्यावरही मिलानला मौजेचे चार दिवस अधिक मिळतात. लोकांनीं त्यापुढें आणखी एक पाऊल टाकून तो पहिला रविवारही कार्निव्हलच्या नाचतमाशांत ओढला होता. चार्ल्स यांनीं आग्रह धरला कीं, रविवार हा उपवासकाळाचाच आहे व तो तसाच पाळला पाहिजे. राज्यपालांनीं त्या दिवशीं घोडेस्वारांचे खेळ ठेवले; आर्चबिशपांनीं कडक मनाई केली. तक्रारी थेट रोमपर्यंत गेल्या. १५७९ सालीं चार्ल्स स्वतः रोमला गेले, आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनीं त्यांची बाजू उचलून धरली.

एका रविवारासाठीं एवढा वाद कशाला, असें त्या काळींही पुष्कळांनीं म्हटलें. चार्ल्स यांस तो एक रविवार दिसत नव्हता. देवाला द्यावयाच्या वेळेंतून मनुष्य आधीं एक दिवस कापतो, मग आठवडा कापतो, आणि शेवटीं नांवापुरता सण उरतो, हें त्यांनीं आपल्या शहरांत पाहिलें होतें. त्याच १५७९ सालीं त्यांनीं मिलानच्या लोकांसाठीं एक लहानसें स्मरणाचें पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. त्यांत प्लेगच्या दिवसांत देवानें शहरावर केलेली दया, लोकांनीं दिलेलीं वचनें, आणि आतां कारागीर, गृहिणी, व्यापारी, अशा प्रत्येकानें आपापल्या धंद्यांत व घरांत रोज कसें वागावें ह्याविषयीं त्यांनीं पित्याच्या कळवळ्यानें सांगितलें आहे. संकटांत प्रार्थना सर्वच करतात. संकट टळल्यावर सात वाजण्याच्या घंटेस खिडकी उघडतो तो खरा भाविक, असा त्या पुस्तकाचा आशय म्हणतां येईल.

संत झाले तरी ते मनुष्यच होते, हें सांगणेंही सत्याला धरून आहे. त्यांचा स्वभाव कडक होता. अधिकाराविषयीं ते हट्टी होते असें त्यांच्या स्नेह्यांसही कधीं कधीं वाटे. १५८३ सालीं स्वित्झर्लंडकडील मेसोल्चिना खोऱ्यांत त्यांच्या भेटीच्या प्रसंगीं चेटुकाच्या आरोपावरून कांहीं जणांना जाळण्यांत आलें. त्या काळच्या न्यायाची ती क्रूर समजूत होती व तिच्यांतून तेही सुटले नाहींत. ही गोष्ट झांकून त्यांची थोरवी वाढत नाहीं, आणि सांगितल्यानें त्यांची सेवा पुसली जात नाहीं.

१५८४ च्या ऑक्टोबरांत ते वाराल्लो येथील पवित्र डोंगरावर एकांतध्यानासाठीं गेले. प्रभूच्या दुःखसहनाचे देखावे तेथील लहान लहान मंदिरांतून उभे केलेले आहेत. रात्रीं हातांत कंदील घेऊन एका मंदिरांतून दुसऱ्यांत जावें व घटका घटका ध्यान करावें असा त्यांचा क्रम होता. तेथेंच त्यांस ताप भरूं लागला. तरी ठरलेलीं कामें उरकीत, सरोवरांतून नावेनें व पुढें डोलींतून ते मिलानला परतले. ३ नोव्हेंबरच्या रात्रीं त्यांचा अंतकाळ जवळ आला. प्रायश्चित्ताची खूण म्हणून गोणपाट व त्यावर मंत्रून दिलेली राख त्यांच्या अंगावर घालण्यांत आली, आणि अशा स्थितींत, वयाच्या ४६ व्या वर्षीं, त्यांनीं प्राण सोडला. राखेनें आरंभ होणारा उपवासकाळ त्यांनीं राखेंतच संपविला. १ नोव्हेंबर १६१० रोजीं पोप पांचवे पॉल यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें. त्यांचा सण ४ नोव्हेंबर रोजीं येतो. मिलानच्या मुख्य देवळांत त्यांचा देह ठेवलेला आहे, व आरोना येथें सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला त्यांचा प्रचंड पुतळा दूरवरून दिसतो.

पुतळा मोठा आहे. पण हा पुरुष मोठा झाला तो लहान गोष्टींनीं. अडखळणाऱ्या जिभेनें पुन्हां एकदां केलेलें प्रवचन, रोजचें कुमसार, संध्याकाळची न मोडलेली प्रार्थना, एका रविवाराचा राखलेला मान, ह्यांचें मिळून तें चरित्र झालें. ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपणही मोठा समारंभ करूं, आणि तो अवश्य करावा. परंतु समारंभाचा मांडव उतरेल, पताका काढल्या जातील, आणि पुढच्या उपवासकाळांत राख पुन्हां आपल्या कपाळीं लागेल. त्या वेळीं आपण चाळीस दिवसांसाठीं दहा संकल्प करण्याऐवजीं एकच करावा व तो पुनरुत्थानाच्या सणानंतरही चालवावा. कोणीं घरची सायंप्रार्थना पुन्हां सुरू करावी. कोणीं व्यसनाचा पैसा शेजारच्या गरजूस द्यावा. कोणीं वर्षानुवर्षें न बोललेल्या भावाच्या दारीं जावें. देवळांतील जाळीच्या बैठकीपाशीं गुडघे टेकतांना हा संत आठवावा, आणि त्याच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामास हीच कृपा मिळावी कीं, घंटा वाजली म्हणजे आपल्या घराच्या खिडक्या उघडाव्यात, साथ असो वा नसो.